आधी तू खा

राजमान्य राधाकिशनराव मेहुणे यांस चौसाळ्याहून आश्रुबा मास्तरचा हात जोडून रामराम. सिरसाळ्यात मंडळी सुखात असतील. तुमचा गुडघा आता माडीवर चढू देतो का?

मी खुशाल आहे (असं लिहायची रीत आहे). यंदा निजाम सरकारच्या खानेसुमारीचं, म्हणजे घरोघर माणसं मोजायचं, काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. त्यात वेड्यांचा एक रकाना. आमच्या तहसिलीतल्या पेशकारांना हौस दांडगी; म्हणाले, नुसतं वेडा लिहू नका, कोणत्या तऱ्हेचा तेही लिहा. हिंडलो. एक जण स्वतःला सुभेदार समजणारा, एक माणसाचं तोंड नको म्हणून मळ्यातच राहणारा, एक बाई सकाळी गळ्यात पडून दुपारी दगड मारणारी. गावकरी एकच सांगत, "येडा न्हाई, सभाव हाय." मलाही हळूहळू उमगलं. ताप आलेल्याला ताप कळतो; यांना मात्र आपण धडधाकट आणि जगच आजारी दिसतं.

लिंबागणेशला सटवा भेटला. भर दुपारी दाराला आतून तीन कड्या. माणूस मात्र अदबीचा, घर लख्ख. त्यानं पाण्याचा तांब्या दिला आणि मी गिळतो का ते बघत माझ्या गळ्याकडे डोळे लावून बसला. मग उरलेलं स्वतः प्यायला. (माझं उष्टं!) म्हणाला, "बायको लई गुनाची व्हती. अकरा वर्सं माझ्या ताटातला पयला घास तीच खायची. मंग गेली."

"कशानं?"

"लोक म्हनत्यात पटकीनं." त्यानं डोळे पुसले (खरंच रडत होता, मेहुणे) आणि जवळ सरकला. "म्या अकरा वर्सं सांगत व्हतो, जेवनात कायतरी हाय. निघालं ना खरं?"

शेरा काय लिहावा सुचेना, म्हणून आणखी चार दिवस त्याच्याकडे जाऊन बसलो. पाचव्या दिवशी घरी तुमच्या बहिणीनं, गीतानं, भाकरी वाढली आणि ती जरा हसली. ही हसली कशापायी? म्हटलं, "आधी तू खा." तिला थट्टा वाटली; खाल्ला घास. मग रोज तेच; तिसऱ्या दिवशी तिचं हसणं थांबलं. आठव्या दिवशी घास हातात धरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग तो ताटात ठेवला, लुगडी गाठोड्यात बांधली आणि बैलगाडीत बसून तुमच्याकडे निघून आली. त्या दिवशी तिनं घास का खाल्ला नाही, याचाच मी रोज विचार करतो.

तुमचा,
आश्रुबा

ता. क. – पत्राचं खरं कारण हे, की गीताला परत धाडा. घर खायला उठतं. माझं चुकलं, असं तिला सांगा.

दुसरा ता. क. – मात्र धाडण्याआधी, तुमच्याकडे स्वयंपाक तीच करते का, करत असल्यास कोण कोण जेवलं, आणि ते सगळे अजून हिंडतेफिरते आहेत का, तेवढं कळवा. घाई नाही. महिनाभर वाट बघायची माझी तयारी आहे.