तीन सूत

३ नोव्हेंबर, सोमवार

उल्हासनगरला जाऊन आले. मुकेशच्या कारखान्यात सोफ्यांचे सांगाडे, आणि त्यांच्यामध्ये एक मधपेटी — मोरिवलीच्या रखमाला त्याने करून दिली तिची जुळी. माझी स्टीलची पट्टी लावली. फ्रेम प्रमाण मापापेक्षा तीन सूत लांब. म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जास्त. फ्रेम आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये सात ते नऊ मिलिमीटरची वाट हवी. अरुंद ठेवली तर माशी जाऊ शकत नाही. रुंद ठेवली तर तिथेही पोळं बांधते आणि सगळं एकात एक चिकटतं. पेटी तर फ्रेमहूनही मोठी, याने अर्धा इंच सोडलाय.

"मॅडम, दो-तीन सूत में क्या बिगड़ता है? मक्खी फुटपट्टी लेके आती है क्या?"

म्हटलं, हो, आणते.

हसला. "टेप पे मिलीमीटर है, मॅडम. हाथ में तो सूत ही है."

तीस वर्षं कंपनीच्या इन्स्पेक्शनमध्ये काढली. असल्या हातांचे किती नग परत पाठवले असतील!

५ नोव्हेंबर

मोरिवलीत आमच्या मधमाश्यांच्या बचत गटाची बैठक. नऊ जणी. पेट्या सगळ्यांनी एकाच मापाच्या घ्यायच्या, सातेरी माशीसाठी जे प्रमाण माप ठरलेलं आहे त्या — हे पुन्हा सांगितलं. एकीची फ्रेम दुसरीच्या पेटीत बसली पाहिजे. आत्ता माश्या दोघींकडेच आहेत, माझ्याकडे आणि रखमाकडे. माझी पेटी प्रमाण मापाची. कुठलं माप घ्यायचं ते १४ डिसेंबरला ठरेल.

रखमा म्हणाली, "माज्या पेटीत तं माश्या सुखानं रहतान, ताई."

मी म्हटलं, "तिला मधपेटी म्हणत नाहीत, रखमा. तिचा देव्हारा कर."

बायका हसल्या. रखमाही हसली, जरा उशिरा.

७ नोव्हेंबर

गच्चीवरची पेटी तपासली. पोळ्याच्या खालच्या कडेला तीन राणीघरं, शेंगेएवढी, तोंडं बंद. म्हणजे नवी राणी तयार होतेय आणि वसाहत फुटून अर्ध्या माश्या निघून जायच्या बेतात. पुस्तक सांगतं, राणीघरं कापा. कापली. दहा मिनिटांत काम संपवलं.

१४ नोव्हेंबर

अंडी नाहीत.

चष्मा पुसून प्रत्येक फ्रेम उजेडात धरली. अंडं नाही, अळी नाही. राणीही दिसत नाही.

तोच दिवस, दुपारी

आता कळतंय. त्या फुटणार नव्हत्या. जुनी राणी आधीच मेली होती, म्हणून त्या नवी घडवत होत्या. आणि मी तिन्ही घरं कापून टाकली. सात तारखेला अंडी आहेत की नाहीत हे मी पाहिलंच नाही. माझ्या हाताखालच्या कुणी हे केलं असतं तर त्याला मी लेखी जाब विचारला असता.

राणीवाचून वसाहत फार तर महिनाभर. उपाय एकच — दुसऱ्या पेटीतली ताजी अंडी आणून द्यायची. त्यातून त्या नवी राणी करतील.

दुसरी पेटी एकच आहे.

१५ नोव्हेंबर

गटाचे कागद सांभाळणाऱ्या प्राचीला बदलापूरला फोन केला. आणखी कुणाकडे सातेरी आहे का? "नाही हो मावशी. रखमाकाकींना विचारा ना, त्या देतील." ठीक आहे म्हटलं. गेले नाही. 

१६ नोव्हेंबर

गेले.

रखमा अंगणात भात वारवत होती. आधी मी उन्हाबद्दल काहीतरी बोलले. मग सगळं सांगितलं. राणीघरं कापल्याचंसुद्धा.

"मंग आता काय पायजे?"

"अंड्यांची एक फ्रेम."

"तुमच्या पेटीत बसल?"

"नाही."

"देव्हाऱ्यातली हाय ना," म्हणाली, आणि सूप खाली ठेवून उठली.

पेटी तिनेच उघडली. पोळी भिंतीपर्यंत बांधलेली, एकमेकींत शिरलेली. फ्रेम वर येईना. सुरीने सोडवावी लागली. शेजारची दोन पोळी फाटली, मध तळाला गळला, माश्या उसळल्या. 'वाट नीट असती तर' हे शब्द माझ्या अगदी तोंडात आले होते. तिच्या मनगटावर तीन-चार चावल्या. तिने हात मागे घेतला नाही.

"घ्या. उनात नका धरू."

घरी येऊन अंड्यांचा तळहाताएवढा तुकडा कापला, माझ्या रिकाम्या फ्रेममध्ये सुती दोऱ्याने बांधला. वरची बाजू वरच ठेवली.

१९ नोव्हेंबर

दोन राणीघरं सुरू केली आहेत.

२२ नोव्हेंबर

रखमाचा फोन. "धरलं काय त्यांनी?"

"धरलंय."

"सारखी उघडू नका पेटी."

मला असं कुणी सांगत नाही. बरं म्हटलं. तुझ्या माश्या कशा आहेत, विचारलं.

"त्यांचं काय. असतील मजेत."

२९ नोव्हेंबर

एका राणीघराचं टोक झाकणासारखं गोल उघडलंय. राणी बाहेर आली. ती दिसेपर्यंत थांबले नाही, लगेच पेटी बंद केली. आता ती उडून जाणार, नरांना भेटून परत येणार. परत आली तर. वाटेत पक्षी आहेत.

रखमाचा फोन आलाच. "निंगाली रानी?" निघाली म्हटलं. "बरं झालं बाय," म्हणाली, आणि फोन ठेवला.

४ डिसेंबर

उघडली नाही.

५ डिसेंबर

उघडली नाही. चार वेळा गच्चीवर गेले.

९ डिसेंबर

अंडी! एका घरात एक, तळाशी उभं, बारीक तांदळाच्या कणीसारखं. गच्चीच्या पायरीवर बसून राहिले. चहाचं आधण आटून गेलं.

११ डिसेंबर

रखमाला सांगायला मोरिवलीला गेले. ती आत होती. मी तिच्या पेटीपाशी गेले. दारावर एकही माशी नाही. झाकण काढलं. पोळ्यांवर मेणकिड्याची दाट जाळी. माश्या पोळी सोडून गेल्यावर एवढी व्हायला तीन आठवडे तरी लागतात.

"तुमी गेलाव त्याच्या दुसऱ्या दिवशीच उठून गेल्या सगल्या," रखमा मागून म्हणाली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तं तुमी तुकडा परत आनून दिला असता. मंग दोगींच्या बी गेल्या असत्या."

मी दिला नसता.

हे तिला नाही, इथे लिहितेय.