सहा मीटरची हरकत

प्रिय लेनदादा,

धाकट्या डेसमंडचा नमस्कार. तुझं कसं चाललंय हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. बाकी आपल्या जोडघरांची मधली भिंत पातळ, त्यामुळे मला बरंच कळतं. खोकला उतरलाय. केटल सकाळी सातला शिट्टी मारते (रविवारीसुद्धा, म्हणजे तुला अजून धड झोप नाही). ती ऐकली की मी माझी चढवतो. सहा वर्षं आपण रोज असा बरोबरच चहा घेतोय, मध्ये फक्त विटा आहेत. पत्र टपालाने पाठवलं म्हणून हसू नकोस. तुझं दार बारा पावलांवर आहे हे मला ठाऊक आहे. ईस्टरला मी अकरा पावलं आलो होतो, मग हिंमत गेली आणि तुझ्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट लावून परत फिरलो.

तर आता माझ्या वाढीव खोलीबद्दल. कौन्सिलची नोटीस तुला मिळाली असेलच. खरं तर आपल्यासारख्या घराला मागे तीन मीटरपर्यंत एकमजली खोली काढायला परवानगी लागत नाही. उंची बेताची ठेवायची, विटा घराशी जुळत्या घ्यायच्या, निम्म्याहून जास्त मोकळी जागा खायची नाही, बस्स. मी कौन्सिलच्या कचेरीत गेलो तेव्हा तिथल्या मिस हॅरॉपने हे सगळं समजावलं आणि म्हणाली, “शेजाऱ्यांना विचारायचीही गरज नाही, आजोबा.” माझा चेहरा पडला. मी म्हटलं, “पण मला विचारायचंय ना!” ती जरा गोंधळली. मग म्हणाली, “असं असेल तर तीनच्या पुढे जा. सहापर्यंत. मग आम्हीच शेजाऱ्यांना पत्र पाठवतो, त्यांना एकवीस दिवस हरकत घेता येते.” मी तिथल्या तिथे सहा मीटर लिहून टाकले.

सहा मीटर म्हणजे तुझ्या टोमॅटोंवर दुपारनंतर ऊन नाही. मला वाटलं, टोमॅटोंसाठी तरी हा माणूस दार वाजवेल, चार शिव्या घालेल. दोन दिवस वाट पाहिली. मग मी अंगणात खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, आणि तुझ्या खिडकीसमोर भर पावसात मोजमाप घेत बसलो (टेप उलटी धरली होती, ते तुला दिसलं असणारच, लहानपणी याच कारणासाठी टपली मारायचास). तू पडदा ओढलास. मी त्या आठवड्यात खुंट्या रोज जरा पुढे सरकवत गेलो. शेवटी सुतळी माझ्याच कपडे वाळत घालायच्या खांबाला टेकली, मी तिच्यात अडकून पडलो आणि गुडघा फुटला. तुझा पडदा तेवढा हलला. खोटं सांगत नाही, त्या हलण्यावर मी अख्खा दिवस काढला.

काल मिस हॅरॉपचा फोन आला. “छान बातमी आहे, शेजाऱ्यांनी काहीच कळवलं नाही. शुक्रवारपर्यंत असेच गप्प राहिले की तुमचं काम झालं. नशीबवान आहात हं!” दादा, मला रडू आलं. ती बिचारी समजली आनंदाने.

तुझा,
डेसमंड

ता. क. खोली मला नकोच आहे. आहेत त्या दोन खोल्यांत मी आणि रेडिओ हरवून जातो. एक वीटही विकत घेतलेली नाही. तेवढी हरकत घे. कारण सुचत नसेल तर टोमॅटो लिही, नाहीतर माझा स्वभाव लिही.

ता. ता. क. मॉरीनवहिनींच्या अंत्यविधीनंतरच्या चहाला तू त्यांच्या पद्धतीचा फ्रूटकेक स्वतः केला होतास, आणि मी सगळ्यांदेखत तो कोरडा झालाय म्हणालो. तो कोरडा नव्हता. मला घास गिळवत नव्हता, आणि तू पाहतोयस म्हणून तोंडाला येईल ते बोललो. हे सांगायला सहा वर्षं आणि सहा मीटर लागले.

शेवटचं. कौन्सिलला हरकत लेखी लागते. मला भिंतीवर एक थाप पुरे. मी सातला केटल चढवून भिंतीपाशीच बसलेला असतो.