आईसमोरची तालीम

सोमवार, ३ मार्च
तारीख आली! एकवीस. मोठ्या साहेबांसमोर वीस मिनिटं बोलायचं. पटलं तर आमच्या सगळ्या लिफ्ट-मेकॅनिकांचं प्रशिक्षण माझ्याकडे. नाही पटलं तर प्रशिक्षण विभागच बंद आणि मी परत तक्रारींच्या फोनवर. "अहो, लिफ्ट अडकलीय!" – दिवसभर तेच. नको रे बाबा.

गुरुवार, ६ मार्च
सध्या आम्ही मेकॅनिकना तीन दिवस एका खोलीत कोंबतो आणि बडबडतो. ते माना डोलावतात, घरी जातात, विसरतात. मेंदूविज्ञानाच्या वर्गात मी शिकले ते अगदी उलट – मेंदू नुसतं ऐकून फारसं धरून ठेवत नाही, आठवायला लावलं की ठेवतो. थोडं शिकवा, झोप होऊ द्या, मग विचारा. जरा विसरू द्या, परत विचारा. हेच मला साहेबांच्या गळी उतरवायचंय.

मग माझ्याच भाषणाला हा नियम का नको? आजपासून तालीम आईसमोर. संध्याकाळी ऐकवायचं, सकाळी विचारायचं – काय आठवतंय? तिला आठवेल ते ठेवायचं, बाकीचं कापायचं. आई मुख्याध्यापिका होती, लगेच खुर्ची ओढून बसली. "हं, सरळ उभी राहा. आणि ओढणीशी चाळा नको!"

शुक्रवार, ७ मार्च
आईला काही म्हणजे काही आठवेना!
"लिफ्टचं काहीतरी होतं."
"काहीतरी?"
"अगं, तू बोलतेस आगगाडीसारखी. मी काय करू?"
बोलते खरी मी भरभर. निम्म्या स्लाइड उडवल्या. तरी डोक्याला ताप आहेच.

सोमवार, १० मार्च
ऑफिसात कॅल्क्युलेटर (हिशेब विभागातला, हे नाव आम्हीच ठेवलंय) म्हणाला, "मेंदू-बिंदू ठीक आहे हो, खर्च बोला." जळफळाट झाला. खुर्चीवर बसवेना म्हणून इमारतीला फेऱ्या मारत सुटले. बसून डोकं खाजवण्यापेक्षा चालताना सुचतं, हेही वर्गात सांगितलं होतं. आणि सुचलं! सुरुवात आकड्यांनी नाही, आमच्या त्या नव्या मेकॅनिकने करायची. तिन्ही दिवस पहिल्या रांगेत बसला होता. पुढच्याच आठवड्यात थांबा-बटण न दाबता लिफ्टच्या छतावर चढला. लिफ्ट हलली. थोडक्यात वाचला. सगळे म्हणाले, "शिकवलं होतं की!" शिकवलं होतं हो, पण ऐन वेळी आठवलं कुठे?

आईला ऐकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे नाही विसरणार!

मंगळवार, ११ मार्च
"कुठला मेकॅनिक?" म्हणे.

शुक्रवार, १४ मार्च
ओरडले आज आईवर. लक्षच देत नाहीस, म्हटलं. ती पण कमी नाही – "शिकवणं रटाळ असलं की बाई मुलांवरच चिडतात. मी फार पाहिल्यात!" आणि खोलीत निघून गेली. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाली.

फोनवर दादा म्हणाला, "कशाला तिला वेठीला धरतेस? वय झालंय तिचं." वय कसलं! चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गाची हजेरी अजून घडाघडा म्हणते ती. आठवण पक्की आहे. माझंच बोलणं पुळचट आहे. आणखी कापलं. नखं कुरतडून बोटं लाल झालीत.

बुधवार, १९ मार्च
चारच स्लाइड उरल्या. मध्ये थांबून ऐकणाऱ्यांनाच विचारायचं – आत्तापर्यंत काय ऐकलंत? रोज रात्री झोप मेंदूला किती हवी ते घोकते आणि टक्क जागी राहते.

आईने शेवटची तालीम ऐकली. माझा हात धरून म्हणाली, "छान झालंय. उद्या मला काही विचारू नकोस हं."

गुरुवार, २० मार्च
नाही विचारलं. धीरच नव्हता.

शुक्रवार, २१ मार्च
झालं एकदाचं! निकाल सोमवारी.

सोमवार, २४ मार्च
मिळालं!! साहेबांनी बोलावून घेतलं आणि शुक्रवारचं सगळं मलाच म्हणून दाखवलं – तो मेकॅनिक, ते बटण, झोप, विसरू देणं, परत विचारणं. समोर कागद नव्हता. कॅल्क्युलेटरने तर मेकॅनिकची गोष्ट घरी बायकोला सांगितली म्हणे. "विभाग तुमचा," साहेब म्हणाले. मी हसले, आभार मानले, बाहेर आले.

जिन्यात पाय थांबले. ह्यांनी एकदाच ऐकलं होतं. आईने रोज ऐकलं.

माझं बोलणं वाईट नव्हतंच. मग मी इतके दिवस नक्की काय तपासत होते?

मंगळवार, २५ मार्च
आईला म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "मला केव्हाच कळलं होतं गं. तुझं ते काम होऊ दे म्हटलं आधी."