अकरा एकर आणि बानाई

९ नोव्हेंबर, रविवार
आज सकाळी आंघोळ केली, खंडोबाला भंडारा वाहिला आणि शेत विकण्याचा बोर्ड स्वतःच्या हाताने रंगवला. ‘अकरा एकर काळी जमीन, विहीर, दोन खोल्या आणि घोड्याची पागा विकणे आहे.’ अक्षर चांगलं आलं. रस्त्यावर लावणार होतो, पण तिथे येणारेजाणारे उगाच चौकशा करतात. म्हणून आत, पागेजवळच्या लिंबाला लावला. ज्याला खरंच घ्यायचंय तो आत येईलच.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डळमळायला नको. सिंधुला दमा आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घोड्याच्या केसांची ॲलर्जी. घोडी आणि तुमची बायको एका अंगणात राहू शकत नाहीत. दसऱ्यापासून ती निलंग्याला भावाकडे आहे. आमच्या घोडीचं नाव बानाई, खंडोबाच्या दुसऱ्या बायकोचं. जाताना सिंधु म्हणाली, “देवाला दोघी चालल्या. मला न्हाई चालत.”
बानाई देवाला सोडलेली. वडिलांचा नवस. तिच्यावर कोणी बसायचं नाही, तिचे पैसे घ्यायचे नाहीत, दरवर्षी माळेगावच्या जत्रेत देवापुढे न्यायचं. मग करायचं काय? सहा आठवडे विचार केला आणि तोडगा सापडला. शेत विकायचं. शेतासोबत विहीर जाते, तशी घोडीही जाते. तिचे पैसे वेगळे लावायचे नाहीत. आम्ही दोघं विष्णुपुरीला खोली करून राहू, मुलीच्या, आरतीच्या कॉलेजजवळ.
जत्रा १८ डिसेंबरला. त्याआधी सौदा पक्का. हे सगळं फक्त सिंधुसाठी.

१२ नोव्हेंबर
रामकिशन आला. माझा वर्गमित्र, लोह्यात जमिनीचे सौदे करतो. बोर्ड त्याला दाखवावा लागला. म्हणाला, “वैजू, शेत ठेव न् घोडी देऊन टाक की कुणाला. फुकट देता येती ना?”
देता येते. पण कुणालाही कशी द्यायची? रामकिशनला व्यवहार कळतो, जिम्मेदारी कळत नाही.
मोबाईलवर टाकायला जाहिरातीचा मजकूर मागत होता. दोन दिवसांनी देतो म्हणालो. अशा गोष्टी घाईत लिहू नयेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जाहिरात निघाली. दुपारपर्यंत चाळीस फोन. एकालाही शेत नको. सगळे घोडीची चौकशी करतात.
मजकूर पुन्हा वाचला. घोडीच्या नऊ ओळी आहेत. रंग, उंची, गळ्याखालचा देवमण नावाचा शुभ भोवरा, चाल, स्वभाव, गूळ-हरभऱ्याची आवड. शेताची एक ओळ. विहीर लिहायची राहिली. रस्ताही. गावाचं नाव आहे, पण ते घोडीचं जन्मगाव म्हणून.
सुधारून देतो म्हणालो. रामकिशनने फोन ठेवला. नेटवर्क गेलं असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार
शेत बघायला पहिली माणसं आली. नांदेडचे रेणुकादास आणि सौदामिनीबाई. दोघंही प्राध्यापक, रिटायर झाल्यावर शेतावर राहायचंय. माणसं सभ्य. बाईंनी तर मातीला हात लावून नमस्कार केला. मनात म्हटलं, झालं, देवाने माणूस पाठवला.
मग बाई पागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे पाडलं की इथे छान झोपाळा बसेल.” मी विचारलं, घोडी? तर म्हणाल्या, “म्हणजे? ती तुम्ही नेणार ना?”
त्यानंतर मी त्यांना विहिरीचं पाणी मचूळ आहे आणि इथे साप निघतात असं सांगितलं. खोटं नाही बोललो. पाच वर्षांपूर्वी एक निघाला होता. पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं. मला लागतं.
रामकिशन गाडीत बसताना म्हणाला, “तू गिऱ्हाईक हाकलून राहिलास का शेत विकून राहिलास?”
स्पष्टपणाची लोकांना सवय नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सिंधुचा फोन. विकलं का म्हणाली. बोलणी जोरात चालू आहेत म्हणालो. “घोडी हाय का अजून?” आहे म्हणालो. “मंग ठेवते.”
आवाज मोकळा वाटला. पूर्वी दोन शब्दांनंतर थांबायची. निलंग्याची हवा चांगली दिसते.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
देवाला कौल लावला. देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाच्या दोन्ही अंगांना एकेक ओली पाकळी चिकटवली आणि विचारलं, बानाईला शेताशिवाय, नुसती देऊन टाकू का? उजवी पडली तर हो.
उजवी पडली.
पण माझी उजवी ती देवाची डावी. शिवाय दार उघडं होतं, वारा असणार. पुन्हा लावला. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा जरा हळद कालवून चिकटवल्या. अर्धा तास बसलो, एकही पडली नाही.
म्हणजे देव अजून विचार करून राहिला आहे. त्याला वेळ दिला पाहिजे.

१ डिसेंबर, सोमवार
उदगीरचा रेवणसिद्ध आला. पिढीजात घोडेवाला. शेत नको म्हणून आधीच सांगितलं. बानाईच्या भोवती एक चक्कर मारली आणि न विचारता तिचा पुढचा डावा पाय उचलला. खुराला चीर होती. “अण्णा, महिना झाला असंल ह्याला,” म्हणाला. मी रोज खरारा करतो. मला दिसली नव्हती.
देवाची आहे, कोणी बसायचं नाही, हे त्याला सांगितलं. “हौदु अण्णा, खरं हाय. आमच्या घरी बी मैलार देवच हाय, म्हंजे तुमचा खंडोबा.” दरवर्षी जत्रेला आणेन म्हणाला. गाभण ठेवायची नाही हेही कबूल. मी एकेक अट घालत गेलो, तो एकेक मान्य करत गेला. शेवटी अटी संपल्या.
मग मी नाही म्हणालो. इतकं सगळं मान्य करणाऱ्या माणसाचा भरवसा काय?
जाताना खुराला तेल-हळद लावून गेला. चीर दिवसातून दोनदा बघा म्हणाला. सांगण्याची रीत जरा उर्मटच.

६ डिसेंबर, शनिवार
आरती आली, आईची शिलाई मशीन न्यायला. सिंधुला निलंग्यात ब्लाउजची कामं मिळतात म्हणे. मशीनला तेल घातलं, पट्टा बदलून दिला. वापरात राहिलेली बरी. सौदा होईपर्यंत तिचाही वेळ जाईल.
आरती म्हणाली, “पप्पा, आई आता रात्रभर आडवी झोपते. मागच्या वर्षी इथं बसूनच झोपायची, आठवतं का?”
आठवतं. मी तिला तीन उशा आणून दिल्या होत्या.
आरती आणखी काही बोलणार होती. बानाईची पाण्याची वेळ झाली होती.

११ डिसेंबर, गुरुवार
निलंग्याला जाऊन आलो. सोबत बोरं नेली. लोह्याहून लातूर, लातूरहून निलंगा, पाच तास. सकाळी दोनदा आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, थंडी म्हणून वर स्वेटर.
सिंधु अंगाने भरली आहे. भावजय शिवकांताशी हसत होती. असं हसताना तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं. माझ्यासमोर ओट्यावर बसली, बोरं निवडू लागली. दहा मिनिटांत तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली.
शिवकांता म्हणाली, “दाजी, ते स्वेटर कुठं अडकिवलेलं असतंय?”
पागेतल्या खुंटीवर.
सिंधु उठली. आत गेली, दार लावलं. इन्हेलरचा आवाज आला. मग दाराआडून म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका. पर तुम्ही जावा आता.”
या दिवसांत तिकडे ऊसतोडीची धूळ फार असते.

१२ डिसेंबर
कालची शेवटची ओळ खोटी आहे. धूळ नव्हती. मी होतो.

१४ डिसेंबर, रविवार
नीट विचार केला. घोडी गेली तर शेत विकायचं कारणच उरत नाही. हे मला आज सुचलं.
रामकिशनला फोन करून सांगितलं. त्याने ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “हुशार हायस.”
रेवणसिद्धाला फोन केला. तो जत्रेला येतोय, पण दुसरी एक घोडी जवळजवळ ठरली आहे. टेम्पोत जागा एकीची. “बघू अण्णा,” म्हणाला.
आता ‘बघू’ ऐकायची पाळी माझी.
बोर्ड काढला. देवाला पुन्हा कौल लावला नाही. त्याने दोनदा सांगितलं होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार. माळेगाव
पहाटे बानाईला चालवत आणलं. खुराची चीर भरत आली आहे. देवापुढे उभी केली, भंडारा उधळला. तिथूनच सिंधुला फोन केला, आज घोडी देतोय.
“देताय का दिली?”
देतोय म्हणालो.
“दिली म्हंजे फोन करा.”
रेवणसिद्ध घोडेबाजारात भेटला. त्याची दुसरी घोडी काल फिसकटली. मी मनाशी बरंच ठरवून गेलो होतो. बानाई अडून बसेल, टेम्पोत चढणार नाही, मग मी तिच्या कानात चार शब्द बोलेन आणि ती माझ्यासाठी चढेल. रेवणसिद्धाने हरभऱ्याची पाटी फळीवर ठेवली. ती दोन ढांगांत वर. मान पाटीतच होती. चार शब्द राहिले.
त्याने खिशात हात घातला. मी नको म्हणालो. उलट मीच त्याला मूठभर भंडारा फडक्यात बांधून दिला.
सिंधुला फोन केला. खरंच दिली का, दोनदा विचारलं. मी म्हणालो, संध्याकाळची गाडी आहे निलंग्याहून, लोह्याला घ्यायला येतो. ती म्हणाली, डॉक्टर म्हणले होते की केस सहा महिने घरात राहतात. भिंतीत, गोधड्यांत, सगळीकडे. चुना मारून घ्या. स्वेटर जाळा. उन्हाळ्यात बघू. आणि तिथे तिची शिलाईची गिऱ्हाइकं बसली आहेत, ती मोडता येणार नाहीत.
सहा महिने. डॉक्टरांनी हे माझ्यासमोरच सांगितलं होतं म्हणे. असेल.
मग तिने विचारलं, जेवलात का? हो म्हणालो. जेवलो नव्हतो.
बानाईचा दोर तेवढा माझ्याकडे राहिला होता. टेम्पो वळायच्या आत पळत जाऊन तोही दिला.