पुऱ्यांमधला अर्धा र

३ नोव्हें., सोम. देवळी.
घरून काम, दुसरा आठवडा. नेट ठीक. फॉन्ट १४ ला गोठणार. त्यानंतर कंपनीच्या प्रत्येक फोनवर हीच देवनागरी, एक रेषाही बदलणार नाही. आर्ट डायरेक्टर म्हणून पहिलं मोठं काम. आज जाड वजनातला (म्हणजे ठळक रेषेचा) 'क्ष' संपवला. चांगला झालाय. कुणाला सांगितलं नाही.
आईच्या फोनवर चाचणीचा फॉन्ट टाकला. आई : "दिसते तं चांगलं." पुरे.

५ नोव्हें., बुध.
अल्लीपूरचे वासुदेवकाका आले होते. आतेबहिणीच्या लग्नाचा स्वयंपाक त्यांच्याकडे. आईने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला निरोप त्यांना दाखवला. काका खो-खो हसले.
"वयनी, मले डायरेक्ट आचार्य करून टाकलं! आता प्रवचन देऊ का वांग्याची भाजी करू?"
आई : "अवो, म्या बराबर लिवलं होतं. आचाऱ्यांना."
फोन घेतला. 'अल्लीपूरच्या आचार्यांना सांगितलं आहे.' तिचं टंकन बरोबर. फॉन्ट चूक. 'ऱ्य'मधला अर्धा र त्यात नाहीच. त्या जागी रफार चढवलाय. हिंदीला तो र लागत नाही, आणि आमचे सगळे चाचणी-तक्ते हिंदी मजकुरावरून केलेले.
मंजूर कोणी केले? मी. तीन वेळा. माझी भाषा, माझी सही.
काका जाईपर्यंत हसत होते. मी नाही.

६ नोव्हें., गुरु.
वि.ला (डिझाइनप्रमुख, बंगळुरू) सांगितलं. चूक माझी, हेही.
वि. : "यार, एज केस है. अगले वर्जन में डाल देंगे." एज केस म्हणजे क्वचित येणारी अडचण.
वाद घातला नाही. आमच्याच सेटिंग्जचा मराठी मजकूर काढून शोधलं. 'दुसऱ्या फोनवर'. 'पायऱ्या'. 'कर्मचाऱ्यांसाठी'. एकेचाळीस ठिकाणी. पडद्यांच्या चित्रांसह यादी पाठवली. वर एकच ओळ : हे आपण लिहिलंय.
चार वाजता उत्तर. "अगले फ्राइडे तक कर लोगी?"
हो.

८ नोव्हें., शनि.
बारीक वजनात जमलं. जाडात तो र म्हणजे अक्षरावर बसलेली माशी. अकरा प्रयत्न. जुनी छापील पुस्तकं काढून पाहिली, तिथेही अंग चोरून उभा.

९ नोव्हें., रवि.
काका जेवणाची यादी द्यायला आले. निळ्या बॉलपेनने, त्यांच्या हातची. भाजी, वरण, पुऱ्या, जिलेबी.
पुऱ्या!
त्यांचा र डावीकडून मोकळा वळलेला, पोटात भरपूर जागा ठेवून 'य'ला टेकलेला. कुठेही आखडलेला नाही. हजारदा लिहिलेला शब्द.
"काका, हे परत लिहा ना. पुऱ्या. दहादा."
"काऊन वं? पुऱ्या कमी पडतीन असं वाटून राह्यलं का तुले?"
लिहिल्या. मग आईकडे बघून : "वयनी, इच्या कंपनीत काय शिकवून राह्यले?"
दहातली सहावी पुरी घेतली.

११ नोव्हें., मंगळ.
नऊही वजनं पूर्ण. रेष बारीक करण्यात अर्थ नव्हता, आतली जागा वाढवायची होती. तेवढंच. आधी का दिसलं नाही...
आईच्या फोनवर : आचाऱ्यांना. वऱ्हाड. पुऱ्या. तिने चष्मा लावून वाचलं. "आता कसं, माणसानं लिवल्यासारखं दिसते."

१३ नोव्हें., गुरु.
आढावा बैठक, ऑनलाइन. तेवीस जण. दोन ओळी शेजारी लावल्या, एकीत स्वयंपाकी, दुसरीत विद्वान. हशा पिकला. नेपाळी भाषेचं काम बघणारी मुलगी पहिल्यांदाच बोलली : त्यांच्याकडेही हाच र लागतो, जुन्या फॉन्टपासून तक्रार करतेय, कोणी उघडून पाहिली नाही.
मंजूर. एकही हरकत नाही.
वि. : "गुड कैच." म्हटलं, पकडलं एका आचाऱ्याने. तसं नोंदवून घेतलं.
बैठक संपल्यावर खोलीत उभी राहिले, दोन्ही हात वर. दार बंद होतं.
मंजुरीला वि.ची एक अट. स्वस्त आणि जुन्या फोनांसाठी जी हलकी फाइल जाते, तिच्यात हा र नको. आकाराची मर्यादा. तिथे रफारच राहू दे, म्हणे. चाचणीचा फॉन्ट काढला की आईचा फोन, काकांचा फोन, निम्मी देवळी त्याच फाइलवर.

१४ नोव्हें., शुक्र.
सकाळी हलकी फाइल उघडली. नागमोडी रेषा, फुलं, तीन तऱ्हेचे बाण. मजकुरात कुठेच वापर नाही, तपासलं. काढले. जागा झाली. र बसवला. मर्यादेच्या आत, जेमतेम. पण आत.
काय काढलं, काय घातलं, कोणी : सगळं नोंदीत नावासकट लिहिलं. विचारलं मात्र नाही.
५.५० ला जमा. ६ ला गोठली.
६.२०, वि. : "लाइट फ़ाइल में ये क्या है? मंडे बात करते हैं."
करू. गोठलेली फाइल उघडायची तर कारण लेखी द्यावं लागतं, सर्वांना दिसेल असं. नियम त्याचाच. हा र का नको, ते वाचायला आवडेल मला.