पुन्हा मागचं चाक

बुधवार, ११ जानेवारी १९९५

परत पंक्चर! परत मागचंच चाक!

काल सकाळी नाइट करून आलो तेव्हा टायर टणक होता. हातानं दाबून पाहिला होता मी. जेवलो, झोपलो. संध्याकाळी डबा लावून सायकल काढतो तर टायर जमिनीला चिकटलेला. तशीच ढकलत पळालो जिते स्टेशनपर्यंत. गाडीचा शेवटचा डबा दिसला. नुसता दिसला!

मग पेण. पेणहून एस.टी., नागोठण्याला बदल, रोहा. कंपनीच्या गेटवर पोचलो तर शिफ्ट कधीच लागलेली. सुपरवायझर म्हणाले, "पुंडलिक, तुमची सायकल तुमच्यापेक्षा जास्त आजारी असते." सगळे हसले. मीही हसलो. टेंपररी माणसाला हसावंच लागतं.

गुरुवार, १२ जानेवारी

स्टेशनाजवळच्या पंक्चरवाल्या बाबाजीनं ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, टायरमध्ये बोट फिरवून काटा काढला. "बाभळीचा हाय. बांधावरनं येतोस काय रं?"

म्हटलं, मी डांबरी रस्त्यानं येतो. डांबरावर बाभळी उगवतात का?

"मंग टायर झिजला तुझा. नवा घाल."

याचं सगळ्यावर एकच औषध — नवा घाल!

मंगळवार, १७ जानेवारी

घातला नवा. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम रोह्याजवळच्या अष्टमी गावी जाऊन आणला. आत जुन्या ट्यूबची पट्टीही अंथरली — जगन म्हणाला तशी. जगन आमच्याच गावचा, माझ्याच कंपनीत, माझ्यासारखाच टेंपररी, त्याच गाडीनं, त्याच रस्त्यानं येतो. त्याची सायकल माझ्या सायकलपेक्षा जुनी. एकदा पंक्चर नाही! शिट्ट्या मारत जातो.

आईला म्हटलं, आता बघतो कसं होतंय पंक्चर. आई तांदूळ निवडत होती.

शुक्रवार, २० जानेवारी

झालं.

शनिवार, २१ जानेवारी

लिहायलाही नको वाटतं. नवा टायर, पट्टी, पंप, सगळं करून काल पुन्हा गाडी चुकली. सुपरवायझर या वेळी हसले नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, मार्चमध्ये दोघातिघांना पर्मनंट करणार आहेत, तुमचं काम चांगलं आहे, पण मी कुठल्या तोंडानं तुमचं नाव पुढं करू?

आईला हे सांगितलं नाही. मिठागर बंद पडलं तेव्हा मीच तिला म्हणालो होतो — खूप मीठ ओढलंस, आता घरी बस, मी आहे ना. आता काय सांगू? की तुझा मुलगा एका काट्याला हरला?

सोमवार, २३ जानेवारी

आजपासून सायकलला साखळी आणि कुलूप. किल्ली उशाखाली.

आई म्हणाली, "घरच्या सायकलला कुलूप कशाला रं?"

"बघू या," म्हटलं.

सोमवार, ३० जानेवारी

आठवडाभर एकही पंक्चर नाही! म्हणजे रस्ता नाही, टायर नाही — कुणीतरी मुद्दाम करत होतं. शेजारच्या मोरूची पोरं! दुसरं कोण? मी दिवसा मेल्यासारखा झोपतो, अंगण मोकळंच.

नळावर मोरूला गाठून चांगला झापला. तोही तापला. "माझ्या पोरांनी हात लावलेला तू पायलास काय? पायलास तर बोल!" पाहिलं नव्हतं. तरी बोललो. बायका हंडे ठेवून ऐकत उभ्या.

घरी आलो तर आईचा चेहरा उतरलेला. "त्या पोरांचं नाव नको घेऊ, बाला. पोरं तशी नायत."

हिला सगळ्या गावाची पोरं चांगली वाटतात.

बुधवार, १ फेब्रुवारी

आईनं किल्ली मागून घेतली. अंगण सारवायचंय, सायकल हलवायला लागते म्हणाली. दिली.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

पंक्चर.

गाडी मिळाली ती जगननं मला त्याच्या कॅरिअरवर घेतलं म्हणून. मोरूची पोरं काल सकाळपासून मामाकडे गेलीत — हे त्यानंच वाटेत सांगितलं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज झोपलोच नाही. डोळे मिटून पडून राहिलो.

जेवणवेळ टळल्यावर साखळीचा आवाज आला. मग पावलं. मी थोड्या वेळानं उठून मागच्या दारानं बाहेर पडलो. अंगणात सायकल नव्हती. बांधाच्या बाजूनं घंटी वाजत होती. धावत गेलो.

बंद मिठागराच्या बांधावर, दोन्हीकडे बाभळी, आणि मधून सायकल येत होती. वर आई! लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, तोंड लाल, हँडल डावी-उजवीकडे नाचतंय. मागं शेजारची सगुणाकाकू कॅरिअर धरून पळतेय. "पुढं बघ गो काशे! चाकाकडं काय बघतेस? पुढं!"

तोंडातून शब्द बाहेर पडणारच होता. पण ओरडलो असतो तर पडली असती. गप्प उभा राहिलो. तरी मला पाहिलं आणि पडलीच.

उचलली. कोपर खरचटलं होतं. आधी विचारावं, लागलं का. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"हमरापूरच्या कारखान्यात बोलावलंय. गणपती रंगवायला. एवढं रोज पायी चालवत नाय आता, गुडघे धरतात. म्हटलं, सायकल शिकावी."

"मला सांगायचं होतंस!"

"तू बोलला असतास, घरी बस. बसून बसून जीव आंबला माझा."

आणि मग मी बोललो. तुझ्यामुळं माझी गाडी चुकत होती. तुझ्यामुळं साहेब बोलले. तुझ्यामुळं मी मोरूशी भांडलो. सगळं.

आई ऐकत राहिली. "मना काय ठाव, काटा रुतून र्‍हातो नि वारा मागनं जातो? मी तर रोज पुसून ठेवायची." पदरानं सायकलची सीट पुसायला लागली. सगुणाकाकू मान वळवून खाडीकडे बघत बसली.

रविवार, ५ फेब्रुवारी

मोरूच्या दारात जाऊन आलो. माफी मागितली. तो म्हणाला, "चहा घे." मग कारण ऐकून इतका हसला की चहा सांडला त्याचा.

सोमवार, ६ फेब्रुवारी

आई सायकलकडे बघतही नाही. भाकऱ्या करताना पाठ करून बसली होती. शेवटी मीच म्हटलं, चल, डांबरी रस्त्यावर शिकवतो. बांधावर शिकतं का कुणी?

"तुझी झोप?"

"चल म्हटलं ना!"

सोमवार, १३ फेब्रुवारी

आईला जमलं! वळताना अजून पाय टेकते, बैल दिसला की उतरते. पण जमलं. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तर त्याला शिवी हासडली — दोन्ही हात हँडलवर ठेवून. घरी आल्यावर आम्ही दोघं चाक फिरवून फडकं लावतो, काटा असला तर अडकतो. पंक्चर एकही नाही. इतकं सोपं होतं हे!

शनिवार, १८ फेब्रुवारी

सकाळी शिफ्ट सुटताना सुपरवायझरनी ऑफिसात बोलावलं. पुढच्या आठवड्यापासून येऊ नका म्हणाले. वरून यादी आली, खाडे आणि लेट बघून. त्यांना वाईट वाटत होतं, खोटं नाही. मी म्हटलं, साहेब, आता नाही होत पंक्चर. म्हणाले, हो, पण आता काय.

जगन राहिला.

घरी येऊन आईला सांगितलं — ऑर्डर कमी झाल्या, कंपनीनं टेंपररी सगळेच काढले. तिनं ताट वाढलं. "सगळेच?" "सगळेच."

सोमवार, २० फेब्रुवारी

काल संध्याकाळी आई ओट्यावर बसली होती. समोरून जगन डबा घेऊन शिट्टी मारत स्टेशनला गेला. तिनं तो वळेपर्यंत पाहिला. माझ्याकडे वळली नाही.

आज उजाडताच सायकल अंगणात काढली, काष्टा मारला. "चल. कारखान्यात रंगाला अजून एक मानूस लागतो."

म्हटलं, मी चालवतो.

"बोलावणं मना आलंय. तू बस मागं."

बसलो.