गोलातलं बाहेर सांगायचं नाही

५ फेब्रुवारी, सोमवार

काहीतरी आहे. नक्की आहे.

टिल्लू शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि गप्प. हा मुलगा झोपेतसुद्धा बडबडतो! सात वर्षांचा आहे पण जीभ सत्तरीची. आईने विचारलं, "कोणाबरोबर खेळलास रे आज?" तर उत्तर न देता पाणी प्यायला उठला.

आई म्हणाली, दमला असेल. ती दिवसभर दवाखान्यात फरशा पुसते, तिला सगळं जगच दमलेलं दिसतं.

मला नाही पटलं. असं पाणी प्यायला उठणं काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. सातवीत मी पण असंच उठायचे. मग एक दिवस शाळेतूनच उठले ती कायमची. भाऊ माझ्या वाटेने गेला तर मी स्वतःला माफ करणार नाही. तो बोलका आहे, हुशार आहे. त्याची शाळा सुटता कामा नये, बस्स!

६ फेब्रुवारी, मंगळवार

मावशीचं इस्त्रीचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत. गेल्या महिन्यात तिच्याकडे कामाला लागले, तेव्हापासून मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी हातातली इस्त्री उभी करून ठेवते आणि तारेच्या कुंपणापाशी जाऊन येते. तिथे भंगारवाल्याची हातगाडी कायम लावलेली असते. तिच्या आडून सगळं मैदान दिसतं. मी मात्र कोणाला दिसत नाही. न दिसण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही — भर वर्गात पहिल्या बाकावर बसून मी कोणाला दिसत नव्हते!

पहिले काही दिवस टिल्लू नुसता उधळलेला असायचा. शर्ट बाहेर, बूट उघडे, अंगभर माती. हल्ली नाही. हल्ली तो पाण्याच्या नळापाशी उभा असतो. एकटा. सगळी पोरं पळतायत, ओरडतायत, आणि हा नळाच्या खांबाला टेकून नुसता रस्त्याकडे बघतोय.

आज त्याच्या वर्गाच्या बाई आल्या. बारीक, चष्मेवाल्या, यंदाच लागल्यात म्हणे. खाली वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलल्या. त्याने मान हलवली — नाही, नाही. बाई निघून गेल्या. तो घंटा होईपर्यंत तिथेच.

शिक्षा दिली असणार. दुसरं काय? छडीची नाही, हल्लीची नवी शिक्षा. जा, उभा राहा, खेळायचं नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आता एक पोरगा पण आहे यात. चांगला आडवा-तिडवा आहे, मी त्याचं नाव हत्ती ठेवलंय. हत्तीने येऊन टिल्लूचा दंड धरला आणि ओढायला लागला. टिल्लूने दोन्ही हातांनी नळाचा खांब पकडला. हत्ती ओढतोय, हा सोडत नाही! शेवटी हत्ती काहीतरी ओरडला, हात झटकले आणि पळाला.

मला वाटलं कुंपणावरून उडी मारावी आणि त्याचा कान पिरगळावा. वाटलं नुसतं. माझ्याच्याने कुठलं होतंय. गाडीची दांडी धरून उभी राहिले.

घरी आल्यावर टिल्लूचे हात उलटेपालटे करून बघितले. वळ नाहीत. तो म्हणतो, "काय बघतेस? मी काय शर्ट आहे इस्त्रीचा?"

"तो जाडा मुलगा तुला त्रास देतो का?"

"तो? तो तर माझा दोस्त आहे."

घाबरलेली पोरं असंच म्हणतात.

पण तो एकदम थांबून म्हणाला, "तुला कसं माहीत जाडा मुलगा?" मी तव्यावरच्या भाकरीकडे तोंड वळवलं. म्हटलं, "असतोच एक जाडा प्रत्येक वर्गात."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पण नळ.

१० फेब्रुवारी, शनिवार

सापडलं!

दर शनिवारी शेवटच्या तासाला चष्मेवाल्या बाई बाकं भिंतीला सरकवतात आणि सगळ्यांना जमिनीवर गोल करून बसवतात. नावच "गोल". मला इतके दिवस वाटत होतं गाणी-बिणी म्हणत असतील.

"काय करता रे गोलात?"

"सांगतो."

"काय सांगता?"

"गोलातलं बाहेर सांगायचं नाही. नियम आहे."

"मला पण नाही?"

"तुला तर नाहीच!"

तुला तर नाहीच!! मला तो स्वतःच्या पडलेल्या दातापासून बाईंच्या घोरणाऱ्या नवऱ्यापर्यंत सगळं सांगतो. आणि हे नाही? कुठल्या बाई पोरांना घरी लपवायला शिकवतात? चांगल्या गोष्टीला नियम कशाला लागतो? गोलात बसवून एकेकाला सगळ्यांसमोर बोलायला लावत असतील. मग हसत असतील सगळे. मला माहीत आहे ते हसणं कसं असतं. वाचून दाखव म्हटलं की माझा आवाज आत जायचा आणि वर्ग फुटायचा.

१२ फेब्रुवारी, सोमवार

राहवलं नाही, मावशीला सांगितलं. ती साडीच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मग जा ना विचारायला. तोंड दिलंय ना देवाने?"

"मला नाही जमत."

"जमत नाही म्हणे! माझ्याशी भांडताना तर चांगली कात्री चालते. बाहेर गेली की बाईसाहेबांच्या तोंडाला बटण."

तिला काय जातंय. मावशीच्या तोंडाला बटणच नाही, काजंच आहेत नुसती. दुपारी पँट न्यायला आलेल्या रिक्षावाल्यांना तिने सगळं ऐकवलं. संध्याकाळी शिकवणीवाल्या काकूंना. मी म्हणाले तेवढंच नाही, वर स्वतःची फोडणी — "पोरांना वेगळं पाडतात हो त्या बाई!"

मी म्हटलं, मावशी, नक्की काही माहीत नाही अजून. तर म्हणते, "मग नक्की कर, गधडे."

१३ फेब्रुवारी, मंगळवार

हँगरवर एक पांढरा शर्ट लावला आणि त्याला मोठ्या बाई समजून बोलून बघितलं. "नमस्कार बाई, माझा भाऊ दुसरीत आहे. त्याला खेळू देत नाहीत." शर्टाशी छान जमतं.

मग गेले शाळेत. फाटकावर शिपाईकाका म्हणाले, "कोण हवंय?"

मी म्हणाले, "कपडे द्यायचे होते."

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मी पण बघितलं. परत आले.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी टिल्लूच्या केसांना तेल लावत होते. मध्येच विचारतो, "ताई, तू मधल्या सुट्टीत काय करतेस?"

"मला कसली मधली सुट्टी? काम करते."

"एकटीच?"

"मावशी असते की."

"मावशी म्हातारी आहे. म्हणजे — दुसरं कोणी नसतं?"

माझा हात थांबला. सात वर्षांच्या पोराला हे कशाला हवंय? त्या बाईंनीच विचारायला लावलं असणार. घरातलं काढून घेतात पोरांकडून. कोण बघतंय, कोण येतंय. म्हणजे त्यांना भीती आहे!

दुकानात शिकवणीवाल्या काकू सांगून गेल्या, अजून काही आया शाळेत जाऊन आल्या. सगळ्या म्हणतात गोल बंद करा. मावशी खूश. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी एकाच शर्टाला दोनदा इस्त्री केली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले! शिपाईकाकांना म्हटलं, "मोठ्या बाई." दोनच शब्द, पण आले.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. टेबलावर डबा उघडा होता, त्यांनी पटकन झाकला. शर्टाला सांगितलेलं सगळं विसरले. एवढंच बाहेर पडलं — "चष्मेवाल्या बाई माझ्या भावाला खेळू देत नाहीत." आणि डोळ्यांत पाणी. मूर्खासारखं!

त्यांनी चष्मेवाल्या बाईंना बोलावलं. त्या हात पुसत आल्या, सगळी बोटं रंगाने माखलेली.

"मी त्याला रोज म्हणते, जा, खेळ," बाई म्हणाल्या. "तो नाही म्हणतो."

मोठ्या बाई म्हणाल्या, "का नाही म्हणतो?"

"कारण मला माहीत आहे. त्याने ते गोलात सांगितलंय. तिथलं मी बाहेर सांगणार नाही, बाई."

"अहो, आता तरी सांगा! पालक माझ्या डोक्यावर बसलेत. हे असंच चाललं तर गोल बंद करायला लागेल मला."

चष्मेवाल्या बाई बोटांवरचा रंग खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शब्द दिलाय मुलांना. आज मी फोडलं तर उद्या माझ्याजवळ कोण बोलेल? त्याच्या ताईला बसू दे गोलात शनिवारी. तो तिच्यासमोर बोलला तर बोलला."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी पण बसते. येशील ना, बाळ? मग काय ते ठरवू, गोल ठेवायचा की नाही."

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

एक गोष्ट खटकते. मी एवढं बोलले, त्यांचा गोल बंद व्हायची वेळ आली, तरी चष्मेवाल्या बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. उलट दारापर्यंत सोडायला आल्या. कोणीतरी आजारी असताना बघतात तशा बघत होत्या. एवढं गोड वागायचं कारण काय? दोन दिवसांत टिल्लूला पढवून ठेवतील. नाहीतर हत्तीला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

हातगाडीमागे गेले. नळ. हत्ती येऊन त्याच्याशेजारी थोडा वेळ नुसता उभा राहिला, मग गेला. ही नवी पद्धत दिसते. पहारा.

टिल्लूला सांगितलं, उद्या मी गोलात येणार. वाटलं घाबरेल. तर डोळे एवढाले करून म्हणतो, "खरंच? मग तुला पण सांगायला लागेल!"

"काय?"

"या आठवड्यात कोणाजवळ थांबलीस ते. सगळे तेच सांगतात. कोणी पडलं, कोणी रडलं, कोणी एकटं असलं तर आपण थांबायचं असतं." मग जीभ चावली. "एवढं सांगितलेलं चालतं. कोणी काय सांगितलं ते नाही सांगायचं."

बाहेरून ऐकायला गोडच आहे. पण मग माझ्या भावाजवळ का नाही थांबत कोणी? तो एकटा नाही दिसत त्यांना? उद्या हेच विचारणार. शर्टाशी घोकलंय. मावशी म्हणाली, "विचारलं नाहीस तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस." आणि माझा ड्रेस स्वतः इस्त्री करून दिला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

गोलात टिल्लूची पाळी आली. तो उठून उभा राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी याही आठवड्यात ताईजवळ थांबलो. ती रोज सुट्टीत गाडीमागे एकटी उभी असते. तिला कोणी खेळायला घेत नाही. नळापाशी उभं राहिलं की मी तिला दिसतो."

हत्ती म्हणाला, "मी म्हटलं होतं चल, तिला पण बोलावू. हा म्हणाला ती लाजते."

कोणी हसलं नाही. दोन वेण्यांची एक मुलगी गुडघ्यांवर सरकत माझ्यासमोर आली. "ताई, तुला पळापळी येते?"

सगळा गोल माझ्याकडे बघत होता.